गरम झाल्यावर इंजिन एकदम बंद: करंट, पेट्रोल की वायरिंग?

कोरेगावकर

नमस्कार मंडळी. २००६ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. चार सिलिंडर, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर), एकाच पॅकमध्ये प्लगला करंट देणाऱ्या दोन कॉइल (१-४ आणि २-३ अशी जोडी). सीएनजी किट बसवलेलं नाही.

सकाळी एका सेल्फला चालू होते. थंड असताना काहीही तक्रार नाही. पण खंबाटकीचा चढ किंवा पुण्यातली सिग्नलची गर्दी लागली आणि इंजिन नीट तापलं, की कुणी किल्ली काढून घ्यावी तशी बंद पडते. आधी झटके नाहीत, मिसिंग नाही, पिकअप पडत नाही. नंतर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. अर्धा तास बॉनेट उघडून ठेवलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते.

आतापर्यंत प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल आणि टाकीतला पंप एवढं नवीन टाकून झालंय. स्कॅनर लावला तर एकही कोड नाही. आता मेकॅनिक म्हणतात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय, सेकंडहँड बघू. आईला नियमित साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडीचा भरवसा हवा आहे. ईसीएम बदलावा का?

बापू_इलेक्ट्रिक

नाही. अजून अजिबात नाही. मी कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. ईसीएम मुळात फार कमी वेळा जातो, आणि दुसऱ्या गाडीचा आणला तर इमोबिलायझर (किल्ली ओळखणारं चोरीविरोधी कुलूप) जुळवायचा उद्योग वेगळाच होतो.

दादा, एक काम करा. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच बॉनेट उघडू नका. खिडक्या वर करा, पंखा आणि गाणी बंद करा, किल्ली पूर्ण काढा, दहा सेकंद थांबा आणि मग फक्त ऑनवर आणा. सेल्फ मारायचा नाही. डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिन दिवा लागतो का बघा. मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो का ऐका. मग सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा तरी उचलतो की शून्यावर मेलेला राहतो ते बघा. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण त्या वेळी माणूस गडबडलेला असतो.

या तीन गोष्टी बंद पडलेल्या अवस्थेतच बघायच्या. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी थंड होते, आणि थंड गाडीत सगळं बरोबरच दिसणार.

मनस्वी_ठाणे

मला वाटतं क्रॅन्क सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा. आमच्या गाडीची हुबेहूब हीच लक्षणं होती. गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. सेन्सरच्या आतली बारीक तारेची गुंडाळी गरम झाल्यावर तुटक व्हायची आणि गार झाल्यावर पुन्हा जुळायची. दोन वायरींचा सेन्सर असेल तर मल्टिमीटरवर थंड आणि गरम असे दोन्ही रेझिस्टन्स घेऊन बघा. साधारण काहीशे ते हजार-दीड हजार ओहम येतो. गरम असताना एकदम अनंत दाखवला तर चोर सापडला. तीन वायरींचा म्हणजे हॉल टाइप असेल तर मात्र ओहम मोजू नका, त्यातून काही कळत नाही.

जुना_निदेशक

बापूंनी तीन प्रश्न अचूक विचारले आहेत. ते का विचारले हे समजलं तर पुढचं सगळं सोपं होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल आणि करंट ही दोन खाती वेगळी होती. पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर एका बाजूला, यांत्रिक पंप आणि जेट दुसऱ्या बाजूला. सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनमध्येही इग्निशन वेगळंच होतं. १९७९ साली बॉशने मोट्रॉनिक आणली, ती पहिल्यांदा बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये बसली, आणि एकच कॉम्प्युटर पेट्रोल किती द्यायचं तेही ठरवू लागला आणि ठिणगी कधी टाकायची तेही. आपल्याकडच्या एमपीएफआय गाड्या त्याच वळणाच्या आहेत.

याचा निदानाशी थेट संबंध आहे. एखादा प्लग, एखादा इंजेक्टर किंवा दोनपैकी एक कॉइल गेली तर इंजिन लंगडतं, थरथरतं, पण एकदम मरत नाही. पंप जात असेल तर बहुतेक वेळा आधी ओढ कमी होते, चढावर दम लागतो. इथे इंजिन क्षणात बंद होतंय. म्हणजे करंट आणि पेट्रोल दोन्ही एकाच वेळी जात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि जिथे ही दोन्ही खाती एकत्र येतात तिथेच शोधलं पाहिजे. अशा जागा मोजक्याच: इग्निशन स्विच, मेन रिले (ईसीएमचा पुरवठा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि त्याचा फ्यूज, ईसीएमची अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट), आणि क्रॅन्क सेन्सर. तुमचे बदललेले सगळे भाग या यादीच्या बाहेरचे आहेत.

आता चेक इंजिन दिवा. किल्ली ऑन केल्यावर तो लागतो, कारण ईसीएम जागा होऊन त्या दिव्याला अर्थ देतो. बंद पडल्यावर दिवा लागत असेल, पंप दोन सेकंद वाजत असेल, पण सेल्फ मारताना काटा शून्यावरच राहत असेल, तर मनस्वीताईंचा क्रॅन्क सेन्सर. फिरण्याचा सिग्नलच येत नाही म्हणून ईसीएम ना ठिणगी टाकत, ना इंजेक्टर उघडत, ना पंप पुढे चालवत. पण दिवाच लागला नाही, तर ईसीएमच मेलेल्या अवस्थेत आहे. आणि जो जागाच नाही तो कोड कसा नोंदवणार?

सागरी

वाचतेय. मध्येच माझा प्रश्न घुसवते, क्षमस्व. रत्नागिरी. २०१६ ची पेट्रोल गाडी, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मिसिंग, चेक इंजिन दिवा लुकलुकतो, कोड पी०३०२. दुपारपर्यंत बरी होते. वेगळा धागा काढू का?

बापू_इलेक्ट्रिक

इथेच राहू द्या ताई, विषय तोच आहे. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, कॉइल खराब असा त्याचा अर्थ नाही. दोन नंबरची कॉइल तीनला आणि तीनची दोनला लावा. कपलर (वायरींची जोडणी) मात्र जागचे तिथेच. पुढच्या पावसात कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर किंवा तिच्या रबरी बूटबरोबर फिरला. पी०३०२ च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग त्या सिलिंडरची वायरिंग. पैसे शून्य.

आणि दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट आहे.

पिंपरीचा_सारथी

आमच्या भागात निम्म्या गाड्यांना बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे, म्हणून एक मुद्दा. सिक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मध्येच कापून किटच्या एमुलेटरमधून नेतात, म्हणजे गॅसवर असताना पेट्रोल इंजेक्टर बंद राहतात आणि ईसीएमला मात्र ते चालू असल्यासारखं वाटतं. आरपीएमसाठी कॉइलच्या वायरला किंवा क्रॅन्क सेन्सरला टॅप मारलेला असतो. हे जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले असले तर दोन-तीन पावसाळ्यांत हिरवे होतात. गाडी गॅसवर ठीक आणि पेट्रोलवर मिसिंग असेल तर आधी तिथला टेप सोडून बघा. कोरेगावकरांना लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या कुणाला तरी नक्की लागू असेल.

कोरेगावकर

अपडेट. काल घाटात बंद पडली. व्हिडिओ आहे. किल्ली ऑन केल्यावर ऑइलचा दिवा लागला, बॅटरीचा लागला, चेक इंजिन लागला नाही. पंपाचा आवाज नाही. सेल्फ मारताना काटा शून्यावर. गार झाल्यावर किल्ली ऑन केली तर दिवाही लागला आणि पंपही वाजला.

मनस्वी_ठाणे

मग माझा क्रॅन्क सेन्सर बाद. तो गेला असता तर दिवा लागायला हवा होता. मेन रिले बघा! आतल्या टाक्याला बारीक तडा असतो, गरम झाला की उघडतो. जुन्या गाड्यांचा ठरलेला रोग आहे.

कोरेगावकर

मेकॅनिकनेही रिलेच म्हटलं. हॉर्नचा रिले त्याच पिनांचा होता, तो तिथे लावून पाहिला. आज पुन्हा बंद पडली, तेच सगळं. आणि बंद असताना मेन रिलेवर बोट ठेवून किल्ली ऑन केली तर टक् होतच नाही.

बापू_इलेक्ट्रिक

हे फार कामाचं निरीक्षण आहे. दोन वेगळे रिले एकाच परिस्थितीत टक् करत नाहीत, म्हणजे रिले चांगला आहे, त्याला ओढणारं कुणीतरी झोपलंय.

रिलेच्या ३० नंबरला बॅटरीचा कायमचा प्लस असतो, ८७ वरून ईसीएम, इंजेक्टर, कॉइल यांना पुरवठा जातो. ८५ आणि ८६ ही आतल्या गुंडाळीची दोन टोकं. बऱ्याच गाड्यांत त्यातल्या एका टोकाला अर्थ देण्याचं काम ईसीएम स्वतः करतो. आता बघा, ईसीएमची स्वतःचीच अर्थ सुटली तर तो रिलेला अर्थ कुठून देणार? रिले ओढला जात नाही, ८७ कोरडा पडतो, आणि सगळी गाडी रिलेवर संशय घेते.

तेव्हा आता ईसीएमची अर्थ मोजायची. कपलर न काढता, मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब थेट बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल प्रोब ईसीएमच्या अर्थ वायरला. किल्ली ऑन. चांगल्या गाडीत ०.१ व्होल्टच्या आत येतं. थंड असताना एकदा आणि बंद पडल्यावर एकदा. आणखी एक, काळी प्रोब तिथेच ठेवून लाल इंजिन ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. ०.५ व्होल्टच्या वर गेलं तर बॅटरीपासून इंजिनला येणारी जाड अर्थ खराब.

ईसीएमच्या वायरींवर फिलामेंट बल्बचा टेस्टर लावू नका. तो जास्त करंट ओढतो आणि आतला ड्रायव्हर जाळू शकतो. एलईडीचा टेस्टर किंवा मीटर, एवढंच. प्लगची वायर हवेत मोकळी सोडून सेल्फही मारू नका. वीस-तीस हजार व्होल्टला वाट मिळाली नाही तर ते कॉइलच्या आतून वाट काढतात.

कोरेगावकर

मेकॅनिक म्हणाले अर्थ तपासली आहे, कंटिन्युइटीला बीप वाजतो, म्हणजे ओके. तरीही व्होल्ट मोजायचे का?

जुना_निदेशक

मोजायचेच. बीपवर विसंबून महाराष्ट्रात किती चांगले ईसीएम भंगारात गेले असतील कुणास ठाऊक.

बीप वाजवताना मीटर वायरमधून मिलिअँपिअरच्या घरातला करंट पाठवतो. वायरच्या तीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी तेवढ्या करंटला ती पुरते आणि मीटर आनंदाने वाजतो. पण त्याच वायरमधून इंजेक्टर आणि कॉइल यांचा काही अँपिअरचा करंट परत जायचा आहे. समजा जोडात फक्त १ ओहमचा अडथळा आला. मीटरला तो नगण्य वाटेल. ५ अँपिअर वाहू लागले की त्याच १ ओहमवर ५ व्होल्ट खर्च होतात आणि १२ व्होल्टवर चालणाऱ्या ईसीएमच्या वाट्याला ७ उरतात. म्हणून वायर जिवंत असताना, काम करत असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते मोजायचं. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात, आणि मुलांना मी मल्टिमीटर हातात दिल्यावर ओहमच्या आधी हेच शिकवायचो.

शिवाय तुमचा बीप थंड गाडीत वाजलाय. दोष गरम गाडीत आहे.

सागरी

हे व्होल्टेज ड्रॉपचं इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

कोरेगावकर

सापडलं! बापू, सर, मनस्वीताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

थंड असताना, इंजिन चालू: ईसीएम अर्थ ते बॅटरी मायनस ०.०४ व्होल्ट. एकदम चांगलं. मग मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी तापेपर्यंत फिरवली. बंद पडल्यावर किल्ली ऑन केली आणि त्याच जागी ९ व्होल्टच्या वर. सेल्फ मारताना ब्लॉक ते बॅटरी मायनस ०.१५, म्हणजे जाड अर्थ ठणठणीत.

मेकॅनिकने एक वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ईसीएमच्या अर्थ वायरच्या मागे लावलं. त्याच क्षणी रिले टक् झाला, दिवा लागला, पंप वाजला. गाडी तापलेली असतानाच एका सेल्फला चालू! वायर काढली की बंद. लावली की चालू. तीनदा करून बघितलं.

मग ती अर्थ वायर हाताने चाचपत इंजिनपर्यंत गेलो. थर्मोस्टॅटच्या घराजवळ, इनटेक मॅनिफोल्डच्या बोल्टवर थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) होतं. वरून अगदी स्वच्छ, बोल्टही घट्ट. पण थिंबलच्या गळ्यात, जिथे तार दाबलेली असते, तिथलं रबर सोलल्यावर आत सगळं हिरवं आणि बहुतेक तारा तुटलेल्या. हलवलं की उरलेल्या तारा एकमेकींना नुसत्या टेकत होत्या. तापलं की फाकत असणार.

मनस्वी_ठाणे

वा! तात्पुरती वायर लावून आधी खात्री केली हे मला सर्वांत आवडलं. दुरुस्तीच्या आधी पुरावा.

बापू_इलेक्ट्रिक

झकास काम केलंत. आता दुरुस्ती पक्की करा. नुसतं थिंबल बदलून भागणार नाही. हिरवेपणा रबराच्या आतून वर चढतो, म्हणून तार लाल-चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. कमी पडली तर मूळ जाडीचाच तुकडा जोडा, बारीक नको. कलई केलेलं थिंबल घ्या आणि पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. वर गरम करून आवळणारी नळी, आतून गोंद असलेली मिळाली तर उत्तम. मॅनिफोल्डवर जिथे थिंबल बसतं तिथला थर पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. बोल्ट घट्ट केल्यावर बाहेरून व्हॅसलिनचा हात फिरवा, म्हणजे पाणी शिरणार नाही.

त्याच बोल्टवर दुसरी एखादी अर्थ असेल तर तिचाही गळा सोलून बघा. दोघींचं वय सारखंच आहे.

कोरेगावकर

दुसरी होती. तीही आतून काळी पडू लागलेली निघाली, दोन्ही नवीन केल्या. त्यानंतर भर दुपारी एसी लावून खंबाटकी चढलो, पुण्यात गर्दीतून फिरलो, कुठेही बंद पडली नाही. गरम असताना ड्रॉप पुन्हा मोजला, ०.०३. काल आईला साताऱ्याला नेऊन आणलं.

सागरी

माझाही निकाल आला. कॉइलची अदलाबदल केली, रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी कोड पी०३०३. म्हणजे कॉइलबरोबर फिरला. कॉइल काढून बूट उजेडात धरला तर आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ. शिवाय दोन नंबरच्या प्लगच्या विहिरीत पाणी साचलेलं. नवीन कॉइल लावू, पण पाणी कुठून येतंय?

बापू_इलेक्ट्रिक

ती काळी रेघ म्हणजे करंटने प्लगची वाट सोडून ओल्या रबरावरून धातूकडे काढलेली वाट. एकदा कार्बनची रेघ पडली की कोरड्या हवेतही तो कधीमधी तिथूनच जाणार. बूट आणि प्लग दोन्ही बदला, कारण प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही तशीच जोडरेघ असते.

पाण्याचं बघायचं तर वायपरखालची प्लास्टिकची जाळी उचला. तिथे दोन्ही टोकांना पाणी उतरायची भोकं असतात. गाडी झाडाखाली लावत असाल तर पानांनी तुंबली असणार. पाणी वर साचून मागून इंजिनवर ओघळतं आणि नेमकी मधली विहीर गाठतं.

सागरी

आंब्याखालीच लावते! जाळी उचलली तर ओंजळभर पानं आणि चिखल निघाला. भोकं मोकळी करून वरून बादलीभर पाणी ओतलं, आता दोन्ही बाजूंनी सरळ खाली चाकाजवळ उतरतंय, इंजिनवर एक थेंब नाही.

पश्चिमवारा

उशिरा आलो, एकच शंका. ईसीएमच्या एवढ्या वायरींमधून अर्थ कुठली हे ओळखायचं कसं? माझ्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळत नाहीये.

जुना_निदेशक

रंगावर जाऊ नका. काळी किंवा काळी-पट्टेवाली ही बऱ्याच गाड्यांत अर्थ असते, पण सगळ्यांत नाही, आणि मधल्या काळात कुणी वायरिंगला हात लावला असेल तर रंगाचा काही भरवसाच नाही. उलट दिशेने या. इंजिन ब्लॉक, मॅनिफोल्ड आणि गिअरबॉक्सवर बोल्टने आवळलेली सगळी थिंबलं शोधा. त्यातली जी मुख्य हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) शिरतात तीच बहुधा ईसीएमची. बॅटरीची मायनस काढा, ईसीएमचा कपलर काढा आणि त्या थिंबलपासून कपलरच्या पिनांपर्यंत कंटिन्युइटी बघा. वायर *ओळखायला* बीप चालतो. साधारणपणे एकाच थिंबलवर दोन-तीन पिना वाजतील, कारण पॉवरची अर्थ आणि सेन्सरची अर्थ वेगळ्या आणलेल्या असतात. त्या पिनांवर खूण करा, कपलर परत लावा, बॅटरी जोडा, आणि मग मागून पिन सरकवून व्होल्ट मोजा. प्रोब कपलरच्या तोंडातून कधीही खुपसू नका. आतली मादी पिन फाकली तर नवाच दोष तयार होतो आणि तो शोधायला यापेक्षा जास्त वेळ जातो.